पाणीसोडे

एकतीस वर्षं एकच हाक देत राहिलं, की ती हाकच माणसाचं आडनाव होऊन बसते. अग्निशमन दलातल्या या जवानाचं तसंच झालं. आगीपाशी बंब थांबला की आधी होज पसरायचा. होज म्हणजे आगीवर पाणी मारायचा तो जाड कापडी पाइप. त्याचं पितळी तोंड हे स्वतः छातीशी आवळून धरायचे, पाय रोवायचे आणि मागं बंबावरच्या माणसाला ओरडून सांगायचे, "पाणी सोडा!" हाक अशी, की दोन गल्ल्या पलीकडं दुपारी आडवी झालेली माणसं उठून बसावीत. बंबावर पंपकाका असायचे. ती हाक कानावर पडली की त्यांचा हात पंपाच्या चाकावर आपोआप फिरायचा. विचार करायला मध्ये जागाच नसायची. आगीत विचाराला जागा दिली, की ती जागा आग घेते.

लोक त्यांना पाणीसोडे म्हणू लागले. पोस्टमनही म्हणू लागला. एकदा बँकेतल्या नव्या कारकुनानं अर्जावर तेच आडनाव लिहिलं, आणि खाली सही करेपर्यंत खुद्द पाणीसोड्यांच्याही ते ध्यानात आलं नाही.

त्यांची बायको बरण्या करायची. तिला सगळे बरणीकाकू म्हणत. घराच्या मागं एक ओटा, ओट्यावर चाक, आणि अंगणाच्या टोकाला विटांची भट्टी. भट्टी छातीएवढी उंच, आणि तिचं धुराडं मात्र घराच्या छपराच्या वर मान काढून उभं. महिन्यातून एकदा काकू भट्टी लावायच्या. पहाटे लाकूड पेटवायचं, दिवसभर आग वाढवत न्यायची, सांजेला तोंड लिंपून टाकायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही.

गल्लीतले चेष्टेनं म्हणायचे, "काय जोडी जमलीय! एक पेटवते, दुसरा विझवतो. संसार कोमटच राहिला असेल."

काकू मागं हटणाऱ्यातल्या नव्हत्या. "कोमट नाही हो, बेताचा गरम. दूध उतू जात नाही आणि सायही जाड धरते."

पण एक गोष्ट खरी होती. इतक्या वर्षांत भट्टीच्या दिवशी पाणीसोडे मागच्या अंगणात कधी उभे राहिले नाहीत. कामावर असले तर ठीकच. सुट्टी असली तर चपला घालून बाहेर पडायचे आणि सांजेला परतायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आग दिसली की माझे हात माझे राहत नाहीत."

ते निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांचं अग्निशमन केंद्र नव्या इमारतीत गेलं. नव्या इमारतीत नवं सामान आलं, आणि जुनं सगळं आवारात ढीग घालून भंगाराच्या गाडीची वाट बघत पडलं. पाणीसोडे बघायला गेले. जायला नको होतं. ढिगात कुऱ्हाडी होत्या, पोचे पडलेली हेल्मेटं होती, छप्पर ओढायचे लांब आकडे होते. होज होते, ठिगळं लावलेले. त्यातली कितीतरी ठिगळं त्यांनी स्वतः लावली होती.

"एक कुऱ्हाड द्या मला," ते कारकुनाला म्हणाले.

"नियमात बसत नाही, दादा."

"मी एकतीस वर्षं नियमात बसलो. आता एक कुऱ्हाड माझ्या मांडीवर बसली तर काय बिघडतं?"

केंद्राचा नवा प्रमुख तिथंच उभा होता. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. पाणीसोड्यांच्या हाताखालीच तयार झालेला. त्यानं मान खाली घातली. एवढ्या उंच माणसानं मान घातली की ती लांबून दिसते. "दादा, माझ्या हातात असतं तर..." एवढंच म्हणाला. तेवढ्यात गाडी आली, आणि एकतीस वर्षं खडखडाट करत निघून गेली.

घरी आले तेव्हा काकू माती तिंबत होत्या. पाणीसोडे शेजारी बसले. मातीचा एक गोळा ओढून घेतला आणि नुसते दाबत राहिले. अर्ध्या तासानं काकूंनी मान वर केली.

"काय करताय?"

"काही नाही."

"त्या काही-नाहीचा दांडा फार जाड झालाय. वाळताना फाटेल. आतून पोकळ करा."

पाणीसोड्यांनी खाली बघितलं. हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. अंगठ्यापाशी जरा झिजलेला, मुठीपाशी जरा फुगलेला, हुबेहूब त्यांच्या कुऱ्हाडीचा. डोळ्यांनी नव्हता केला, हातांनी आठवला होता.

तिथून सुरुवात झाली. वर्षभरात कुऱ्हाड झाली, हेल्मेट झालं, पोच्यासकट. छपराचा आकडा झाला. भिंतीवर टांगतात ते आग विझवायचं लाल नळकांडं झालं, आणि धुरात घालायचा मुखवटाही झाला. काकू त्या वस्तू आपल्या बरण्यांमध्ये बसवून भाजायच्या, आणि पाणीसोडे त्या दिवशी रीतीप्रमाणं चपला घालून बाहेर पडायचे. सगळं ओट्यावर ओळीनं मांडलेलं असायचं. गल्लीत नवा विनोद सुरू झाला, की पाणीसोड्यांनी मातीचं अग्निशमन केंद्र उघडलंय. आग लागली तर तिथं जाऊ नका, धक्का लागून फुटेल.

एके दिवशी कलादालनाच्या बाई मोठी बरणी घ्यायला आल्या. शहरातलं कलादालन त्या चालवायच्या. केस आखूड, चष्मा दोरीनं गळ्यात. बरणी राहिली बाजूला, त्या ओट्यापाशीच खिळल्या.

"ही हत्यारं कुणी केली?"

पाणीसोड्यांना ते लागलं. "हत्यारं नाहीत ती. हत्यार मारायला असतं. हे तारायला."

"मग माझं अडलेलं काम तुमच्यापाशीच आहे," बाई म्हणाल्या आणि तिथंच ओट्यावर बसल्या. त्यांच्या दालनात मातीच्या शिल्पांचं प्रदर्शन भरायचं होतं. एका बाजूला माणसं मारायची साधनं, दुसऱ्या बाजूला माणसं वाचवायची. "तलवारी, बंदुका, तोफगोळे करणारे कलाकार पुष्कळ मिळाले. वाचवणारी वस्तू करायला कुणी तयार होईना. सगळ्यांना धारच आवडते. हे सगळं मी घेऊन जाते. पण दालनाच्या मधोमध तोफ येतेय, सबंध मातीची, माणसाएवढी लांब. तिच्यासमोर ठेवायला तिच्या तोडीचं काहीतरी हवं. नाहीतर मधोमध ती एकटीच राहील, आणि प्रदर्शन तिचंच होऊन जाईल."

पाणीसोड्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "होज ठेवू. गुंडाळलेला होज, पितळी तोंडासकट. खऱ्या मापाचा."

"तीन महिने आहेत."

"पुरे आहेत."

बाई गेल्यावर काकू म्हणाल्या, "एवढा मोठा तुकडा मी आजवर भाजलेला नाही. तुम्ही बोलून बसलात."

"बोललो खरा. पण तोफेला एकटीला सोडायचं?"

काकू हसल्या. "नाही, तिला सोबत पाहिजेच."

होज गुंडाळायची एक रीत असते. टोकापासून सरळ गुंडाळत गेलं, की एक तोंड आत अडकून बसतं आणि आगीपाशी पोचल्यावर उलगडत बसावं लागतं. म्हणून जवान तो आधी मधोमध दुमडतो आणि दुमडीपासून गुंडाळतो. दोन्ही तोंडं बाहेर येतात. एक बंबाला जोडायचं, दुसरं घेऊन धावायचं. पाणीसोड्यांनी माती पाटीवर लाटली, तिच्यावर जाडंभरडं कापड दाबून विणीचा ठसा उठवला, लांब पट्टी कापली आणि अगदी तसंच दुमडून वेटोळं घातलं. वेटोळ्याच्या दोन थरांत बोटभर मोकळी जागा ठेवली. खरा होजही कोरडा असताना तसाच सैल पडतो.

तो वाळताना फाटला. दुसरा केला, तोही फाटला. दोन्ही वेळा खालच्या अंगानं, सुरी फिरवावी तशी सरळ चीर.

काकूंनी वाकून बघितलं. "आक्रसतोय बिचारा. ओली माती वाळताना, भाजताना लहान होते, दहात एक भाग. याला आत सरकायचंय, आणि खालची फळी जागची हलत नाही. फाटेल नाहीतर काय करेल? पाठराखीण द्या याला."

"पाठराखीण?"

"सोबतीला जाणारी. याच मातीची एक पातळ पोळी लाटायची आणि तिच्यावर याला बसवायचं. हा आक्रसेल तशी तीही आक्रसेल. सगळा त्रास तिनं सोसायचा, काम झालं की तिला काढून टाकायची."

"काढून टाकायची?" पाणीसोडे म्हणाले. "मग तिला मिळालं काय?"

"ते पाठराखणीला विचारा," काकू म्हणाल्या, आणि मातीचे हात धुवायला गेल्या.

तिसरा होज पाठराखणीवर बसला आणि अखंड वाळला.

भट्टी लागली. या खेपेला पाणीसोड्यांनी चपला घातल्या नाहीत. "माझाच तुकडा आत आहे, मी पळून जाणं बरं दिसत नाही," म्हणाले आणि पाठ फिरवून ओट्यावर बसले. काकू सकाळपासून लाकडं घालत होत्या. दुपारी त्या दोन घास खायला आत गेल्या. "नुसतं बसा. काही करू नका," बजावून गेल्या.

काही करू नका, हे त्या माणसाला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. दुपारची वेळ, उबेनं डोळा लागला. मग भट्टीत एक मोठा ओंडका कोसळला, धाडकन आवाज झाला, तोंडातून हातभर जाळ बाहेर आला. पाणीसोडे जागे झाले ते उभेच. समोर जाळ. बाजूला माती भिजवायची भरलेली बादली. पुढं काय झालं ते त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं, "मी नव्हतो हो तिथं, नुसते हात होते." बादली उचलली आणि सबंध पाणी भट्टीच्या तोंडात फेकलं.

वाफेचा पांढरा लोट उठला. विटा तडकल्या. मग आतून आवाज यायला लागले, टण्ण, टण्ण, एकेक बरणी जात होती. काकू धावत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. चौदा बरण्या होत्या आत. शेवटी एक जड, खोल आवाज आला. तो होजचा.

काकू पुढं आल्या, वाफेत वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "सोडलंत ना शेवटी पाणी?"

पाणीसोडे बादली धरून तसेच उभे होते. "बाईंना सांगून टाकतो, जमणार नाही म्हणून. तोफ राहू दे एकटी. मला आगीपुढं उभं राहायची एकच रीत येते, आणि ती या कामाची नाही."

काकूंनी त्यांच्या हातातली बादली काढून घेतली. "हे बघा. माझ्या चौदा बरण्यांवर मी पाणी सोडलं. जाऊ द्या, माती पुष्कळ आहे. तुम्ही मात्र तुमच्या कामावर पाणी सोडू नका. हात तुमचे आहेत की नाहीत, ते आता ठरवूनच टाकू."

दुसऱ्या दिवसापासून पाणीसोड्यांची शाळा भरली. काकूंनी अंगणात विटांचा एक छोटा चुला मांडला, पेटवला आणि नवऱ्याला समोर बसवलं. हात मांडीखाली. जाळ वाढला की पाणीसोड्यांचे खांदे उडायचे.

"बसा," काकू म्हणायच्या.

"बसलोय."

"खांदे उठले तुमचे."

"ते सेवेत आहेत अजून."

आठ दिवसांनी खांदेही निवृत्त झाले. मग काकूंनी त्यांना आगीचे रंग शिकवले. आधी गडद लाल, मग संत्र्यासारखा, मग पिवळा, आणि शेवटी असा पिवळा की त्यात पांढरं मिसळलेलं असतं. तिथं माती पक्की होते. पाणीसोडे ऐकत होते, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात येऊ लागलं, की हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. फक्त उलट्या बाजूनं. धूर काळा झाला म्हणजे आगीला हवा कमी पडतेय. दार उघडलं की ती त्या दाराकडं झेप घेते. एकतीस वर्षं ते आगीला मारायला शिकले होते. ती कशावर जगते हे कळल्याशिवाय तिला मारता येतं का?

फुटलेली भट्टी दोघांनी मिळून पुन्हा बांधायला घेतली. पाणीसोड्यांनी आत डोकं घातलं ते बाहेर काढीनात.

"आत राहायला गेलात का?"

"या डाव्या कोपऱ्यातल्या बरण्या कशा निघतात तुझ्या?"

काकू चमकल्या. "कच्च्या. नेहमीच. चोवीस वर्षं तो कोपरा मला रडवतोय."

"रडवणारच. आग आळशी असते. तोंडातून शिरली की समोर धुराड्याची वाट दिसते, ती सरळ निघून जाते. कोपऱ्यात कशाला वळेल? तिच्या वाटेत दोन विटा आडव्या घाल. झक मारत वळेल."

दोन विटा आडव्या घातल्या. छोटी भट्टी लावून बघितली. डाव्या कोपऱ्यातली बरणी निघाली ती मधाच्या रंगाची, पक्की, नखानं वाजवली तर घुंगरासारखी.

काकूंनी ती बरणी पोटाशी धरली. "चोवीस वर्षं! आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"चोवीस वर्षं भट्टीच्या दिवशी मी घरी कुठं होतो?"

त्या दिवशी काकूंनी आपल्या शेजारी दुसरा पाट मांडला, चाकासमोर नव्हे, भट्टीसमोर.

चौथा होज झाला. आधीच्या तिघांपेक्षा देखणा. प्रदर्शनाला दहा दिवस उरले होते. हा गेला तर पुढचा वाळायलाही वेळ नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही ते बोलत नव्हते. पहाटे भट्टी लागली. दुपारी काकू आत जेवायला गेल्या तेव्हा पाणीसोड्यांना काही बजावलं नाही. ते लाकूड घालत राहिले, रंग बघत राहिले. चारच्या सुमाराला आतला रंग पिवळ्यात पांढरा मिसळू लागला, आणि धुराड्याच्या तोंडावर दोन हात उंच जाळ उभा राहिला. भट्टी पूर्ण चढली की असा जाळ येतोच. गल्लीला तो ठाऊक होता.

समोरच्या घरात नुकतेच राहायला आलेले मास्तर मात्र गल्लीत नवे होते. त्यांनी गच्चीवरून जाळ बघितला आणि फोन फिरवला.

घंटा ऐकू आली तेव्हा पाणीसोड्यांचे कान टवकारले. "कुठं लागली बरं?" ते म्हणाले. घंटा गल्लीत शिरली. घरापाशी थांबली. आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की त्यांच्याच घरी.

मागचं दार धाडकन उघडलं. पुढं मिशाळ जवान, होजचं पितळी तोंड छातीशी, मागं आणखी तिघं, आणि सगळ्यांच्या वर डोकं काढून आलेला शिडी. अंगणभर होज पसरला. समोर विटांच्या तोंडातून लालपिवळा उजेड ओसंडतोय, वर धुराड्यावर जाळ नाचतोय. कोणत्या जवानाला शंका येईल?

पाणीसोडे भट्टीपुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि सगळी छाती लावून ओरडले, "पाणी सोडू नका!"

आपल्या भाषेची एक खोड आहे. नाही म्हणायचं असलं, की ती शेवटी म्हणते. रस्त्यात बंबावर पंपकाका उभे होते. घराच्या भिंतीपलीकडून तो ओळखीचा आवाज आला, त्यातले 'पाणी सोडू' एवढे शब्द कानावर पडले, आणि हात चाकावर फिरला. 'नका' पोचेपर्यंत पाणी निघालं होतं.

अंगणातला होज सापासारखा सळसळला, फुगला, ताठ झाला. मिशाळ जवानाच्या छातीशी पितळी तोंड थरथरू लागलं, नेमकं भट्टीच्या दिशेला. पाणीसोड्यांनी झेप घेतली. ते तोंड दोन्ही हातांनी धरलं, छातीशी ओढलं, पाय रोवले आणि सगळं अंग वळवून वर फिरवलं. पाण्याचा फवारा भट्टीच्या कडेवरून गेला, भिंतीवरून गेला, गल्ली ओलांडली आणि समोरच्या गच्चीवर आग बघत उभ्या असलेल्या मास्तरांवर पडला.

"बंद करा!" शिडी ओरडला. यात शेवटी उलटणारं काही नव्हतं, म्हणून ते नीट पोचलं.

होज मऊ पडला. अंगणात शांतता. भट्टीच्या कडेच्या विटांवर पाचपन्नास थेंब पडले होते, ते चुर्र करून उडून गेले. पाणीसोडे कान देऊन ऐकत होते. टण्ण होतंय का? काही ऐकू आलं नाही. पण जाळाच्या आवाजात ऐकू येईलच असंही नव्हतं.

पंपकाका धापा टाकत आत आले. "कोण भाजलं? काय झालं?"

"काही नाही," काकू दारातून म्हणाल्या. "मास्तरांची आंघोळ झाली."

"पाणी सोडू नका म्हणालो मी!" पाणीसोडे पंपकाकांवर उखडले.

"मला काय माहीत, पुढं 'नका' आहे म्हणून! एकतीस वर्षांत तुम्ही कधी म्हणालात का तसं? हात फिरला माझा."

पाणीसोडे त्यांच्याकडं बघत राहिले आणि मग हसायलाच लागले. "कळतं हो, काका. तुमचे हात नि माझे हात एकाच शाळेतले."

शिडीचा मात्र चेहरा गंभीर होता. "दादा, तक्रार आलीय. आता एकतर मला ही विझवली असं लिहावं लागेल, नाहीतर ताब्यात आहे असं लिहून विझेपर्यंत इथं थांबावं लागेल. काय लिहू?"

"ताब्यात आहे, लिही."

"कुणाच्या?"

पाणीसोड्यांनी काकूंकडं बघितलं. काकूंनी लाकूड उचललं, त्यांच्या हातात दिलं आणि शिडीला म्हणाल्या, "आज यांच्या."

मग एक नवल घडलं. सहा जण गणवेशात, हेल्मेटं मांडीवर घेऊन, ओट्यावर ओळीनं बसले आणि सांज होईपर्यंत एका आगीकडं नुसतं बघत राहिले. चहा झाला. टॉवेल गुंडाळलेले मास्तर माफी मागायला आले, त्यांनाही चहा मिळाला. पाणीसोडे लाकूड घालत होते आणि शिकवत होते, जसे पूर्वी शिकवायचे. "बघ, आता धूर काळवंडला. का? हवा कमी पडली. हे भोक उघडलं की काय होईल?" जवान माना डोलावत होते. मिशाळ जवानाचे खांदे मधूनच उडायचे.

"बसा," काकू म्हणायच्या. "होतं तसं सुरुवातीला."

सांजेला भट्टीचं तोंड लिंपलं. शिडीनं वहीत लिहिलं आणि सगळे गेले.

दोन दिवस फार लांब असतात. पाणीसोडे भट्टीला हात लावून बघायचे, गरम, परत यायचे. ते थेंब आतपर्यंत पोचले असतील का, हे विचारायचं दोघंही टाळत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी लिंपण फोडलं, एकेक वीट काढली. आधी बरण्या निघाल्या, सगळ्या धड. मग पाणीसोडे गुडघ्यावर बसून आत वाकले.

"आहे का?" काकूंनी विचारलं.

पाणीसोड्यांनी हातानंच जवळ बोलावलं. दोघांनी मिळून होज बाहेर ओढला. पाठराखीण ठिकठिकाणी तडकली होती. तिनं सोसायचं ते सोसलं होतं. वेटोळं अखंड होतं. कापडाच्या विणीवर राखेची मधाळ झाक बसली होती, ओल्या होजला उन्हात येते तशीच, आणि तोंड पितळासारखं पिवळं झळकत होतं. पाणीसोड्यांनी बोटाच्या पेरानं टिचकी मारली. आवाज अंगणभर गेला, स्वच्छ, लांब, कुठं न अडकलेला.

पाणीसोड्यांनी एकदा छाती भरून श्वास घेतला. मग ते असे ओरडले, की समोरच्या गच्चीवर मास्तर दचकून आडोशाला गेले. शब्द नव्हताच त्यात. नुसता आनंद होता.

प्रदर्शनाच्या दिवशी दालनात तोफ होती, काळीशार, खरोखर माणसाएवढी लांब. तिच्यासमोर होज. भिंतीवर कुऱ्हाड, हेल्मेट, आकडा, नळकांडं, मुखवटा. शिडी आला, पंपकाका आले, मिशाळ जवान बायकोमुलांना घेऊन आला आणि त्यांना होज दाखवताना आपण तो फोडता फोडता राहिलो, हे मोठ्या अभिमानानं सांगत होता. माणसं आत यायची, तोफेजवळून जायची आणि होजभोवती जमायची. कुणी वीण निरखायचं, कुणी दोन्ही तोंडं बाहेर का आहेत विचारायचं, आणि पाणीसोडे दुमडून गुंडाळायची रीत हवेत हात फिरवून सांगायचे. एक म्हातारी होजच्या तोंडापाशी वाकून बघत होती. जाताना म्हणाली, "आमच्या घराला लागली होती, तेव्हा असाच आला होता." पाणीसोड्यांनी तिला हात जोडले.

कलादालनाच्या बाई चष्मा पुसत आल्या. पाटीवर कलाकार म्हणून काय लिहायचं, विचारलं.

"दोघांची नावं," पाणीसोडे म्हणाले. "होज मी वळलाय, हिनं मला वळवलंय."

"आणि भाजलाय यांनी," काकू म्हणाल्या. "तेही लिहा. नाहीतर कुणाला पटायचं नाही."

संध्याकाळी तोफ करणारा कलाकार जवळ आला. दाढीवाला, मोठं नाव असलेला माणूस. हात मागं बांधून होजभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग दालनाकडं हात केला. सगळी गर्दी होजकडं तोंड आणि तोफेकडं पाठ करून उभी होती.

"काय दादा," तो हसत म्हणाला, "तुम्ही आलात आणि माझी तोफ थंड पडली."

"पडणारच," पाणीसोडे म्हणाले. "आमचं कामच ते."